दम्याचं इंजेक्शन लागू पडतंय का, हे स्कॅनवर दिसतं का?

प्रश्न थोडक्यात असा : आईचं वय ६२, दमा जुना, रक्तात इओसिनोफिल (ॲलर्जीत वाढणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढलेले. वर्षातून तीन-चारदा स्टेरॉइडच्या गोळ्यांचा कोर्स घ्यावा लागायचा, म्हणून सहा महिन्यांपूर्वी बेनरॅलिझुमॅबचं इंजेक्शन सुरू झालं. आता जिना चढताना धाप लागत नाही, गोळ्यांची वेळ आलेली नाही. पण फुंकायच्या टेस्टमध्ये एफईव्ही-१ चा आकडा जेमतेम हलला आहे. इंजेक्शन महाग, त्यामुळे घरात दोन मतं. एका डॉक्टरांनी दर तीन महिन्यांनी एचआरसीटी, म्हणजे छातीचा बारीक कापांचा सीटी, करून बघू म्हटलंय. कॅनडातला भाऊ झेनॉन एमआरआयचं नाव घेतोय. औषध काम करतंय की नाही, हे स्कॅनवर खरंच कळेल का?

कळेल. मात्र कुठला स्कॅन, कधी, आणि त्यात काय शोधायचं हे आधी ठरलेलं असेल तरच. दर तीन महिन्यांनी सीटी ही कल्पना मला अजिबात पटत नाही, त्याची कारणं पुढे येतील. मी छातीचे स्कॅन वाचणारी रेडिओलॉजिस्ट आहे, इंजेक्शन लिहून देणारी नाही. औषध चालू ठेवायचं की बदलायचं हा निर्णय तुमच्या छातीच्या डॉक्टरांचा. पण स्कॅनकडून काय अपेक्षा करावी आणि काय करू नये, हे मला सांगता येईल.

आधी तुमच्या घरातल्या वादाचं मूळ असलेला तो न हललेला आकडा. एफईव्ही-१ म्हणजे पूर्ण श्वास भरून जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा. टेस्ट स्वस्त आहे, कुठेही होते, आणि तिच्यामागे कित्येक दशकांचा अनुभव आहे. तिला कमी लेखण्याचं काही कारण नाही. पण ती दोन्ही फुप्फुसांची मिळून तोंडाशी मोजलेली एक बेरीज आहे. सोसायटीच्या पाण्याच्या मीटरवर एकूण वापर कळतो, कुठल्या घरात नळ कोरडा आहे ते कळत नाही, तसं.

त्यात फुप्फुसाची रचना अशी की मुख्य श्वासनलिकेपासून नळ्या साधारण २३ वेळा दुभंगत जातात. २ मिलिमीटरपेक्षा बारीक नळ्यांची संख्या इतकी मोठी असते, की निरोगी माणसात हवेला होणाऱ्या एकूण अडथळ्यात त्यांचा वाटा जेमतेम दहाव्या हिश्शाच्या आसपास. त्यातल्या कितीतरी बुजल्या तरी फुंकण्याच्या टेस्टला पत्ता लागत नाही. २०११ मध्ये जेम्स हॉग यांच्या गटाने काढून टाकलेल्या फुप्फुसांच्या तुकड्यांचा मायक्रो-सीटी केला. सीओपीडीत (मुख्यतः सिगारेट-धुराने होणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) एम्फिसीमाची, म्हणजे हवेच्या बारीक पिशव्या फाटून पडणारी, भोकं दिसायला लागण्याआधीच शेवटच्या बारीक नळ्या अरुंद होतात आणि बऱ्याच नाहीशाही होतात, असं त्यात दिसलं. म्हणजे आजार आकड्यात उतरेपर्यंत बरंच काही घडून गेलेलं असतं. उलट बाजूनेही तसंच : काही भाग उघडले, तिथे हवा खेळू लागली, माणसाला मोकळं वाटलं, तरी बेरीज फारशी बदलेल असं नाही. शिवाय तीस-चाळीस वर्षांच्या दम्यात नळ्यांच्या भिंती कायमच्या जाड झालेल्या असतात. सूज उतरली तरी तो जाडपणा राहतो, आणि एफईव्ही-१ तिथेच अडकतं.

आता तुम्ही म्हणाल, रक्तातले इओसिनोफिल बघू. बेनरॅलिझुमॅबच्या बाबतीत त्याचा उपयोग नाही. हे औषध इओसिनोफिल पेशीच मारतं, त्यामुळे रक्तातला आकडा जवळजवळ शून्यावर येतोच. औषध शरीरात पोचलं एवढंच त्यातून कळतं, नळ्यांमध्ये काय फरक पडला ते नाही. श्वासातला नायट्रिक ऑक्साइड मोजायची टेस्ट, जिला फेनो म्हणतात, ती मुख्यतः दुसऱ्याच एका वाटेवर, इंटरल्युकिन-१३ या सूज वाढवणाऱ्या रेणूवर, अवलंबून असते. ड्युपिलुमॅब किंवा टेझेपेलुमॅब ही दम्याची दुसरी इंजेक्शनं दिली की ती खाली येते. बेनरॅलिझुमॅबने तितकी येत नाही. म्हणजे तुमच्या आईंच्या बाबतीत नेहमीच्या तीन आकड्यांपैकी एकही धड उत्तर देणारा नाही. अशा वेळी स्कॅनकडे वळण्यात अर्थ आहे.

दम्याच्या सीटीत आम्ही काय बघतो? नळ्यांच्या भिंतींची जाडी, आतली पोकळी, श्वास सोडल्यावरही कुठे हवा अडकून राहते का, आणि कफाची बुचं (म्युकस प्लग). पहिल्या दोन गोष्टींवर वर्षानुवर्षं कागद खर्ची पडले. माझ्या मते एका रुग्णाच्या उपचारासाठी त्यांचा उपयोग मर्यादित आहे. भिंतीची जाडी मिलिमीटरच्या अंशात बदलते, आणि तेवढा फरक श्वास थोडा कमी-जास्त भरल्यानेही पडतो. शेकडो रुग्णांची सरासरी काढताना ते खपून जातं, एकाच माणसाच्या दोन स्कॅनमध्ये नाही.

बुचांचं तसं नाही. बूच एक तर असतं किंवा नसतं. नळीत हवा असेल तर ती सीटीवर काळी दिसते, कफाने पूर्ण भरली असेल तर पांढरट. आडवी कापली गेली तर ठिपका, उभी कापली गेली तर फांदी. इतकं साधं चिन्ह, आणि आम्ही रेडिओलॉजिस्टनी ते वर्षानुवर्षं रिपोर्टच्या शेवटी एका ओळीत उरकलं. सॅन फ्रान्सिस्कोचे जॉन फेही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ते नीट मोजलं. फुप्फुसाचे जे विभाग पडतात, ते एकेक करून बघायचे. विभागात एक जरी पूर्ण बुजलेली नळी दिसली तर १ गुण, नाही तर ०. एकूण २० पैकी किती, एवढाच हिशेब. दम्याच्या १४६ रुग्णांपैकी ५८ टक्क्यांत किमान एक बूच सापडलं, निरोगी लोकांत जेमतेम ४.५ टक्क्यांत. ज्यांचा स्कोअर जास्त, त्यांचं एफईव्ही-१ कमी आणि थुंकीतले इओसिनोफिल जास्त. गंमत म्हणजे यातले बरेच रुग्ण कफ पडतो अशी तक्रारच करत नव्हते. साहजिक आहे, बूच घट्ट बसलेलं असतं, खोकून वर येत नाही.

ते घट्ट का होतं, याचाही माग त्याच कामात लागला. इओसिनोफिल पेशींतलं पेरॉक्सिडेझ हे विकर कफातल्या म्युसिन या चिकट प्रथिनाच्या धाग्यांना एकमेकांशी बांधून टाकणारी रसायनं तयार करतं. धागे जितके गुंततात तितका कफ रबरासारखा होतो. पुढे त्याच रुग्णांचे तीन वर्षांनी स्कॅन केले, तर बऱ्याच जणांची बुचं होती तशीच होती. म्हणजे ॲटॅकच्या दिवशी जमलेला आणि आठवड्यात निघून गेलेला कफ हा नव्हे, हा नळीत मुक्काम ठोकून बसलेला आजार आहे.

पंप कितीही नियमित घेतला तरी काही जणांना तो पुरत का नाही, याचं एक उत्तर इथे मिळतं. पंपातलं औषध हवेबरोबर जातं. बुचाच्या पलीकडे हवाच जात नसेल तर औषध कसं जाईल? रक्तातून येणारं इंजेक्शन मात्र मागच्या बाजूने तिथे पोचतं.

आणि पोचतं हे चित्रात दिसलंही आहे. टेझेपेलुमॅबच्या कॅस्केड नावाच्या चाचणीत सुरुवातीला आणि २८ आठवड्यांनी सीटी केले गेले. औषध मिळालेल्यांचा बुचांचा स्कोअर सरासरी १.७ ने घटला. नुसतं सलाइनसारखं खोटं इंजेक्शन मिळालेल्यांत बदल शून्य. १.७ हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. पण ही सरासरी आहे, आणि तिच्यात मुळात बुचंच नव्हती असे रुग्णही आहेत. त्यांचा स्कोअर खाली जाणार कुठे? ज्यांची दहा-बारा विभागांत बुचं होती, त्यांची गोष्ट वेगळी. ड्युपिलुमॅबच्या व्हेस्टिज चाचणीतही २४ आठवड्यांत बुचं कमी झाल्याचं दिसलं.

सीओपीडीतही बुचं निरुपद्रवी नाहीत. अमेरिकेतल्या सीओपीडीजीन प्रकल्पातल्या ४,३६३ लोकांचे सीटी आणि नंतरची वर्षं तपासून २०२३ मध्ये एक अभ्यास आला. ज्यांच्या स्कॅनवर एकही बूच नव्हतं त्यांच्यातले ३४ टक्के त्या काळात दगावले, एक-दोन विभागांत बुचं असणाऱ्यांपैकी ४६.७ टक्के, आणि तीन किंवा जास्त विभाग असलेल्यांपैकी ५४.१ टक्के. वय, सिगारेट, एफईव्ही-१ वगैरे सगळं हिशेबात धरल्यावर हा फरक बराच आकसतो, पण उरतो. बूच काढलं तर आयुष्य वाढेल असं यातून सिद्ध होत नाही. ते अजून कुणी दाखवलेलं नाही.

आता झेनॉनकडे. तुमच्या भावाने नाव घेतलं ते योग्यच, कारण या विषयातलं बरंच मोठं काम कॅनडातच, ओंटारिओच्या वेस्टर्न विद्यापीठात ग्रेस पारागा यांच्या प्रयोगशाळेत झालंय.

साध्या एमआरआयला फुप्फुस आवडत नाही. एमआरआयचा सिग्नल येतो तो पाण्यातल्या हायड्रोजनकडून, आणि फुप्फुसात पाणी कमी, हवा जास्त. मग हवेकडूनच सिग्नल घ्यायचा, अशी ही युक्ती. झेनॉन हा वातावरणात अत्यल्प प्रमाणात असणारा निष्क्रिय वायू; त्याच्या नैसर्गिक मिश्रणात साधारण २६ टक्के अणू झेनॉन-१२९ चे असतात. हा झेनॉन रुबिडियम या धातूच्या वाफेत मिसळून त्या वाफेवर विशिष्ट लेझर टाकतात. लेझरची शिस्त रुबिडियमकडून झेनॉनच्या अणुकेंद्रांना लागते, आणि एरवी न जाणवणारा त्यांचा सिग्नल हजारो पटींनी वाढतो. १९९४ मध्ये उंदराच्या काढलेल्या फुप्फुसांचं पहिलं असं चित्र निघालं. मधली बरीच वर्षं झेनॉनऐवजी हेलियम-३ वापरला गेला, कारण त्याचा सिग्नल जास्त चांगला. पण हेलियम-३ मिळतो तो अण्वस्त्रांसाठी साठवलेल्या ट्रिटियमच्या क्षयातून. २००१ नंतर अमेरिकेने बंदरांवर आणि सीमांवर किरणोत्साराचे शोधक बसवले, त्यात हा वायू लागायचा. साठा संपत आला, भाव गगनाला भिडले, आणि संशोधक झेनॉनकडे परतले. दम्याच्या चित्रांचं तंत्र बंदरावरच्या सुरक्षेमुळे बदलावं, हे मला अजूनही मजेशीर वाटतं.

रुग्णाला करायचं इतकंच : मशीनमध्ये आडवं पडून पिशवीतला वायू ओढायचा आणि दहा-पंधरा सेकंद श्वास रोखायचा. किरणोत्सार नाही. झेनॉन हे सौम्य भुलीचं औषधही आहे, त्यामुळे क्षणभर डोकं हलकं होतं, जिभेला मुंग्या येतात, मिनिटाभरात उतरतं. चित्रात जिथे वायू पोचला तिथे उजेड, जिथे पोचला नाही तिथे अंधार. अंधाराचं एकूण फुप्फुसाशी प्रमाण काढलं की एक टक्केवारी मिळते. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने डिसेंबर २०२२ मध्ये १२ वर्षं आणि त्यापुढच्या वयासाठी ही तपासणी मंजूर केली.

तुमच्या आईंना जे औषध चालू आहे, त्याच बेनरॅलिझुमॅबचा अभ्यास ओंटारिओच्या गटाने असा केला. एकच डोस, आणि २८ दिवसांनी पुन्हा चित्र. अंधारे भाग उजळले होते, दम्याच्या त्रासाचा स्कोअर सुधारला होता, आणि ज्यांच्या सीटीवर आधी पाच किंवा जास्त विभागांत बुचं होती, त्यांच्यात हा बदल ठळक होता. माझ्या दृष्टीने या विषयातला सर्वांत उपयोगी धडा हाच. कुणाला फायदा होईल याची खूण औषध देण्याआधीच्या सीटीत होती.

भारतात झेनॉन एमआरआय रोजच्या उपचारात रुळलेला नाही. त्याला वेगळ्या वारंवारतेवर चालणारी एमआरआयची सोय, छातीवर बांधायची खास कॉइल आणि वायू तयार करणारं यंत्र लागतं. आणि वायूचा गुण थोड्या वेळात मावळतो, त्यामुळे तो बाहेरगावाहून बाटलीत भरून आणता येत नाही. केवळ या चित्रासाठी आईंना परदेशी नेऊ नका. उपचार सुरू होण्याआधीचं झेनॉन चित्र तुमच्याकडे नाही, म्हणून आत्ताच्या चित्राची तुलना कशाशीच होणार नाही.

वायूशिवायही एमआरआयने काही करता येतं, याचा एक सुंदर नमुना जर्मनीतल्या हॅनोव्हरचा आहे. क्लेम नावाच्या चाचणीत सीओपीडीच्या आणि फुप्फुसं हवेने फुगून राहिलेल्या ६२ रुग्णांना इंडाकॅटेरॉल आणि ग्लायकोपायरोनियम यांचा एकत्र पंप दोन आठवडे दिला, आणि खोट्या पंपाशी तुलना केली. तपासलं काय, तर हृदय. फुगलेली फुप्फुसं छातीत हृदयाला दाबतात, त्यात रक्त नीट भरत नाही. पंपाने अडकलेली हवा बाहेर पडली आणि एमआरआयवर डावा कप्पा जास्त भरताना दिसला. त्याच रुग्णांत फुप्फुसाच्या निरनिराळ्या भागांतली हवा आणि बारीक रक्तवाहिन्यांतला प्रवाहही सुधारला. हॅनोव्हरमध्येच प्रेफुल नावाची पद्धत घडली आहे. तिच्यात साध्या श्वासोच्छ्वासात घेतलेल्या एमआरआयच्या चित्रमालिकेतून हवा आणि रक्त यांचे नकाशे काढतात. वायू नको, शिरेतून औषध नको, श्वास रोखणं नको. नवीन मशीनचा खर्च न करता करता येण्याजोगं काही आपल्याकडे रुजायचं असेल तर मला यातच जास्त शक्यता दिसते.

सिस्टिक फायब्रोसिस या कफ घट्ट करणाऱ्या जन्मजात आजाराच्या मुलांत एमआरआयची उपयुक्तता सर्वांत आधी पटली, कारण लहान वयापासून वारंवार सीटी करणं कुणालाच नको असतं. आयव्हाकाफ्टर हे या आजारावरचं औषध आणि नंतरच्या तिहेरी गोळ्या यांनी त्यांच्या नळ्यांमधला कफ हटल्याचं एमआरआयवर स्पष्ट दिसतं.

एम्फिसीमासाठी बसवायच्या व्हॉल्व्हबद्दल थोडं सांगते. दम्याचे रुग्णही आम्हाला तो बसवा म्हणून विचारतात. दम्यासाठी तो नाही. ज्यांच्या फुप्फुसाचा एखादा खंड एम्फिसीमाने निकामी होऊन नुसता फुगला आहे, त्यांच्यात त्या खंडाकडे जाणाऱ्या नळ्यांत एकतर्फी झडपा बसवतात. हवा बाहेर पडते, आत शिरत नाही, आणि खंड बसतो. पण शेजारच्या खंडातून चोरवाटेने हवा येत असेल तर तो कधीच बसणार नाही. ही चोरवाट आहे का, हे सीटीवर दोन खंडांमधली फट पूर्ण आहे की अर्धवट, यावरून ओळखतात, आणि मग फुग्याचा कॅथेटर घालून खात्री करतात. २०१८ च्या लिबरेट चाचणीत असे निवडक रुग्ण घेतल्यावर वर्षाअखेरीस ४७.७ टक्क्यांचं एफईव्ही-१ किमान १५ टक्क्यांनी सुधारलं, नेहमीच्या उपचारात १६.८ टक्क्यांचं. त्याच चाचणीत पहिल्या दीड महिन्यात झडप बसवलेल्यांपैकी साधारण चारातल्या एकाच्या छातीत हवा भरली, म्हणजे न्यूमोथोरॅक्स झाला. त्यामुळे सीटी नीट न वाचता झडप बसवणं म्हणजे फायद्याविना धोका पत्करणं.

आपल्याकडच्या स्कॅनमध्ये दोन गोष्टी वारंवार आड येतात, त्या परदेशी अभ्यासांत फारशा नसतात. एक म्हणजे जुना टीबी. भारतातल्या ब्रॉन्किएक्टेसिसच्या, म्हणजे नळ्या कायमच्या रुंदावलेल्या, २,१९५ रुग्णांच्या नोंदणीत सर्वांत मोठं कारण टीबीच निघालं, ३५.५ टक्के. टीबीने ओढल्या गेलेल्या, रुंदावलेल्या नळ्यांतही कफ साचतो आणि त्या भागात हवाही कमी खेळते. दम्याच्या इंजेक्शनने तो भाग सुधारणार नाही. रिपोर्टमध्ये तो वेगळा काढला नाही, तर चांगलं चाललेलं औषध नापास ठरतं.

दुसरी म्हणजे एबीपीए, ॲस्परजिलस या बुरशीची ॲलर्जी. यातली बुचं कधी कधी इतकी दाट असतात की सीटीवर पाठीच्या स्नायूपेक्षाही पांढरी दिसतात. असं बूच दिसलं की मी रिपोर्टमध्ये ठळक लिहिते, कारण ही खूण जवळजवळ दुसऱ्या कशात दिसतच नाही. तुमच्या आईंच्या जुन्या सीटीत असं काही होतं का आणि रक्तातलं एकूण आयजीई (ॲलर्जीत वाढणारी प्रतिपिंडं) किती होतं, हे बघून ठेवा. एबीपीए असेल तर उपचाराचा मार्गच बदलतो. आणि तिथे उपचार लागू पडला का, हे सुमारे आठ आठवड्यांनी केलेला छातीचा साधा फोटो आणि आयजीईचा आकडा यांवरूनच बरंचसं कळतं. काही शे रुपयांचा फोटो पुरेसा असताना काही हजारांचा स्कॅन करू नये.

आता प्रत्यक्ष तुमच्याकडे. औषध सुरू करण्याआधी, म्हणजे गेल्या वर्षा-दीड वर्षात, छातीचा सीटी झाला असेल तर तो शोधा. फिल्म किंवा रिपोर्ट नव्हे, सीडी. फिल्मवर निवडक कापच छापलेले असतात, बुचं मोजायला १ मिलिमीटरच्या आसपासचे सगळे सलग काप लागतात. तो सीटी ॲटॅकमध्ये ॲडमिट असताना केलेला असेल, तर त्यातला कफ नेहमीचा धरता येणार नाही. एरवी बऱ्या असताना केलेला असेल तर त्यातली बुचं आधी मोजून घ्या.

जुन्या सीटीत बुचं असतील, तर आत्ता एकदा लो-डोस सीटी करण्यात अर्थ आहे. सहा महिने ही वेळ बरोबर आहे. बुचं गेली किंवा बरीच कमी झाली आणि आई म्हणतात तसं बरं वाटतंय, तर एफईव्ही-१ न हलण्याचं कारण जुना जाडपणा आहे असं धरायला आधार मिळतो. बुचं तशीच आणि त्रासही परत सुरू, तर डॉक्टरांशी दुसऱ्या वाटेने जाणाऱ्या इंजेक्शनबद्दल बोलायची ती वेळ. बुचं तशीच, पण आई ठणठणीत आणि गोळ्या बंद? मग मी आईंचं ऐकेन, सीटीचं नाही. जुन्या सीटीत बुचंच नसतील, तर नवीन सीटी तुम्हाला काहीच सांगणार नाही. तो खर्च वाचवा. ॲटॅक किती कमी झाले आणि स्टेरॉइडच्या गोळ्या किती लागल्या, हीच मोजणी पुरे. खरं तर या इंजेक्शनांना मान्यता मिळाली तीही मुख्यतः याच मोजणीवर. तुमच्या आईंचा निकाल त्यात आत्ताच चांगला दिसतो आहे.

दर तीन महिन्यांच्या सीटीला माझा विरोध दोन कारणांनी. बुचं हलायला वेळ लागतो, तीन-तीन महिन्यांच्या टप्प्यात जो फरक दिसेल तो बराचसा श्वासाच्या खोलीचा असेल. आणि किरणोत्सार. छातीच्या नेहमीच्या सीटीत साधारण ५ ते ७ मिलिसीव्हर्ट, लो-डोसमध्ये १.५ च्या आसपास. जगात सरासरी माणसाला निसर्गातूनच वर्षाला २.४ मिळतात. ६२ व्या वर्षी एका सीटीची भीती बाळगायची गरज नाही. वर्षाला चार नेहमीचे सीटी मात्र विनाकारण आहेत.

स्कॅन केलात तर पुढच्या गोष्टींचा आग्रह धरा, त्या रिपोर्टइतक्याच महत्त्वाच्या आहेत. शक्यतो आधीचंच सेंटर आणि आधीचंच मशीन. चित्र घडवायची संगणकीय पद्धत बदलली की भिंती जाड किंवा बारीक दिसतात आणि हवेची घनताही बदलते. दोन संच घ्यायला सांगा : पूर्ण श्वास भरून एक, पूर्ण सोडून एक. सोडलेल्या श्वासात जे भाग उणे ८५६ हाउन्सफील्डपेक्षा (सीटीवरची घनता मोजायचं एकक) काळे राहतात तिथे हवा अडकली आहे, असा संकेत आहे. पण श्वास पुरता सोडलाच नसेल तर सगळंच काळं दिसतं आणि सॉफ्टवेअर बिनदिक्कत लाल-पिवळा नकाशा छापून मोकळं होतं. श्वास नीट सोडला होता का, हे ओळखायची आमची जुनी खूण आहे : श्वासनलिकेची मागची भिंत आत झुकलेली दिसली पाहिजे. ती गोल फुगलेलीच असेल तर त्या संचावरून केलेली तुलना सोडून द्या. म्हणून टेबलावर जाण्याआधी टेक्निशियनने आईंकडून दोन-तीनदा सराव करून घ्यायला हवा, मराठीत, मोठ्याने. टेपवरचं यांत्रिक ‘सांस रोकिये’ ऐकून ६२ वर्षांच्या बाईंनी बरोबर तेवढाच श्वास सोडावा ही अपेक्षा फार झाली.

शेवटचं, पंपाचं. काही सेंटर सकाळचा पंप घ्या म्हणतात, काही घेऊ नका म्हणतात. स्कॅनआधी साल्ब्युटामॉलचे दोन-चार फवारे घेतले की नळ्यांचं तात्पुरतं आकुंचन निघून जातं आणि मागे उरतो तो कफ आणि जाडपणा, जो आपल्याला बघायचा आहे. मला तसा स्कॅन आवडतो. पण जुना सीटी पंपाशिवाय झाला असेल तर आताचाही तसाच करा. सर्दी-खोकला झाला असेल किंवा स्टेरॉइडचा कोर्स नुकताच संपला असेल तर महिनाभर थांबा. आणि डॉक्टरांकडून चिठ्ठीवर ‘एचआरसीटी चेस्ट’ एवढंच लिहून घेऊ नका. ‘दमा, बेनरॅलिझुमॅब सुरू होऊन सहा महिने, म्युकस प्लगचा विभागवार स्कोअर द्यावा, सोबतच्या सीडीशी तुलना करावी’ असं लिहून घ्या.